मुरघासाचा वास आणि ओझोनचा हिशेब

गोठ्याशेजारी मुरघासाचा (म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) खड्डा उघडताना उभे राहिला असाल तर तो आंबूस-गोड वास लगेच आठवेल. त्या वासात बरंचसं इथेनॉल असतं, आणि कॅलिफोर्नियातल्या सान वाकीन खोऱ्यात याच वासाने ओझोनचा हिशेब बदलायला लावला.

हे खोरं म्हणजे पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला कोस्ट रेंज, दक्षिणेला तेहाचापीचे डोंगर, आणि मधे बदाम, द्राक्षं, हजारो गायींचे गोठे. आपल्या नाशिकचं थॉमसन द्राक्ष तिकडेही भरपूर, फ्रेस्नोच्या उन्हात त्याचेच बेदाणे वाळतात.

आता जमिनीलगतचा ओझोन कुणी थेट सोडत नाही, ट्रकच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि हवेतल्या सेंद्रिय वाफा (इथेनॉलसारख्या) कडक उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो आणि मग माणसाची फुफ्फुसं आणि पिकाची पानं दोन्हीला त्रास देतो. अमेरिकेत मर्यादा आहे 70 पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत 70 भाग, आठ तासांची सरासरी. उन्हाळ्यात वारा वायव्येकडून आत शिरतो, सगळं दक्षिणेला ढकलत नेतो आणि डोंगराशी अडतो, म्हणून टोकाचं आर्विन गाव छोटं असूनही तिथे ओझोन नेहमी जास्त.

हा ओझोन किती होईल ते संगणकावरच्या मॉडेलने काढतात. मॉडेल काय करतं, तर खोऱ्याचे चौकोन पाडतं, साधारण 4 किलोमीटरचे, आणि प्रत्येकात काय सोडलं, वाऱ्याने कुठे नेलं, उन्हात कशाचं काय झालं हे मिनिटामिनिटाने मोजत जातं. हे लागतंच, कारण रसायनशास्त्र सरळ नाही: शहरात नायट्रोजन ऑक्साइड थोडेच कमी केले तर ओझोन उलट वाढू शकतो (शनिवार-रविवारी ट्रक कमी असताना हे दिसलंय), आणि शेतांकडे तेच कमी केले की ओझोन उतरतो. अंदाजाने नियम केले तर चुकायचीच शक्यता जास्त.

पण मॉडेलला यादी पुरी द्यावी लागते. 2010 मध्ये यूसी डेव्हिस या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मुरघासासारख्या चाऱ्याच्या वाफा प्रत्यक्ष मोजल्या आणि हिशेब असा निघाला की खोऱ्यात प्रवासी गाड्यांपेक्षा चाऱ्यामुळे होणारा ओझोन जास्त असू शकतो. इथेनॉल ओझोन बनवण्यात तसं फार जोरदार नाही, पण निघतं किती! मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उपाय शेतकऱ्याच्या हातातले आहेत: ढीग घट्ट झाकायचा, उघडं तोंड लहान ठेवायचं, लागेल तेवढाच कापायचा.