बॅटरी वारंवार का उतरते?

जुनी मोटारसायकल सकाळी बटणाने सुरू होईनाशी झाली की पहिला आळ बॅटरीवर येतो, आणि नवी बॅटरी बसवल्यावर गाडी काही दिवस नीट चालत असल्याने तो खराही वाटू लागतो. मग तीही उतरते. बॅटरी ही केवळ साठवणीची टाकी आहे. तिच्यात भरणा होतो की नाही, हे मोजून पाहिल्याशिवाय टाकी बदलून काही साधत नाही.

हा भरणा इंजिनाजवळ सुरू होतो. क्रँकशाफ्टवर बसवलेला चुंबकांचा रोटर स्टेटरच्या, म्हणजे जागेवर स्थिर असलेल्या भागाच्या, तांब्याच्या वेटोळ्यांभोवती फिरतो आणि मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनामुळे वेटोळ्यांत प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत बदलणारा, प्रवाह निर्माण होतो. त्याला एकदिश करण्याचे काम रेक्टिफायरचे डायोड करतात, तर विद्युत दाब (व्होल्टेज) मर्यादेत ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो. बहुतेक गाड्यांत हे दोन्ही एकाच डबीत असतात. अनेक जुन्या रचनांमध्ये हा रेग्युलेटर नको असलेला प्रवाह शॉर्ट करून स्टेटरकडेच परत वळवतो, त्यामुळे डबी सतत तापते. तिच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या त्यासाठीच असतात.

तपासणीआधी बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्यावी, कारण अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले आकडे दिशाभूल करतात. शिसे-आम्ल बॅटरीच्या सहा घरांचा (सेलचा) मिळून दाब चार्जिंगनंतर काही तास विसावल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट भरला पाहिजे. इंजिन मिनिटाला सुमारे ५,००० फेऱ्यांवर नेल्यावर तोच दाब साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढतो. तो १२.५ च्या आसपासच रेंगाळला तर भरणा होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटरचा ताबा सुटला आहे आणि बॅटरीतले पाणी आटू लागेल.

भरणा होत नसेल तर स्टेटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, सोडवून तिन्ही वायरींमधला रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) आळीपाळीने जोडीजोडीने मोजावा. प्रत्यक्ष आकडा मॉडेलनुसार बदलतो. तिन्ही जोड्यांत तो सारखा असणे अधिक महत्त्वाचे. शिवाय यातली कोणतीही वायर इंजिनाच्या धातूशी जोडलेली दिसता कामा नये. ही चाचणी गाडी थंड असताना उरकून समाधान मानू नये, असे मी आवर्जून सांगेन, कारण वेटोळ्यांवरचे जुने इन्सुलेशन अनेकदा तापल्यावरच दगा देते.

मात्र जुन्या गाडीत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो साधा कपलर. मी तपासलेल्या एका गाडीत रेग्युलेटरच्या टोकाशी १४.२ व्होल्ट होते आणि बॅटरीवर १३.२. मधला कपलर उघडला, तर पांढरे प्लास्टिक तपकिरी पडलेले आणि एक पिन काळी होऊन त्यात रुतलेली होती. जोडातला रोध फक्त ०.१ ओहम असला, तरी १० अँपिअर प्रवाहाला तेथे एक व्होल्ट गळतो आणि १० वॅट उष्णता तयार होते. त्या उष्णतेने जोड आणखी बिघडतो. इतका लहान रोध साध्या मीटरच्या ओहमवर विश्वासाने दिसत नाही. म्हणून हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून, रेग्युलेटरचे धन टोक आणि बॅटरीचे धन टोक यांमधला दाब थेट मोजावा. तसेच ऋण बाजूलाही करावे. फरक ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर दोष वायरीत, जोडात किंवा अर्थिंगमध्ये आहे.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी. बॅटरीचा आधार सुटताच दाब एकदम उसळतो आणि रेग्युलेटर किंवा इग्निशनचे युनिट जळू शकते.

चार्जिंग चोख असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर किल्ली बंद ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि त्यावरून सोडवलेली वायर यांच्या मध्ये अँपिअर मीटर जोडावा आणि तो जोडलेला असताना स्टार्टर मुळीच दाबू नये. घड्याळ वा अलार्म नसलेल्या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. तसा नसेल, तर आधी रेग्युलेटरचा कपलर काढून पाहावा. आकडा लगेच खाली आला, तर आतला डायोड उलट्या दिशेने गळत आहे. नाही आला, तर एकेक फ्यूज काढत जावे.