गोदावरीच्या गाळावर वाढलेलं बेट

शिर्डीहून निघणारी एक रेल्वे संभाजीनगर, जालना, परभणी करत थेट काकिनाडा पोर्टला जाते. आपल्याकडची बरीच मंडळी हैदराबादलाच उतरतात. पण शेवटपर्यंत गेलं, तर काकिनाड्यासमोर समुद्रात वाळूची लांबच लांब, चिंचोळी पट्टी दिसते. तिचं नाव होप आयलंड. लांबी सुमारे 16 किलोमीटर, वय जेमतेम 200 वर्षं. गोदावरीचा गाळ मुखाशी पडला, लाटांनी तो उत्तरेकडे ओढत नेला आणि ही पट्टी वाढत गेली. आज ती वादळाच्या लाटा अंगावर घेते आणि तिच्या आडोशाला बंदर शांत राहतं. पैठण, गंगाखेड, नांदेडवरून गढूळ होऊन जाणारं पुराचं पाणी अखेर तिकडेच पोचतं. बंगालच्या उपसागराच्या तळातल्या गाळात दख्खनच्या बेसाल्टचा अंश संशोधकांना सापडला आहे. त्यामुळे हा विषय गंगथडीच्या माणसाला परका नाही.

किनाऱ्याला समांतर असलेल्या, मागे खाजण, म्हणजे उथळ खाऱ्या पाण्याचा पट्टा, राखून उभ्या असलेल्या अशा बेटांना बॅरियर आयलंड म्हणतात. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. बर्फ वितळला, पाणी चढत गेलं आणि साधारण 7,000 वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला. आजची बहुतेक बॅरियर बेटं त्यानंतरची. ती एका जागी थांबत नाहीत. लाट तिरकी येते आणि पाणी उताराने सरळ परततं, त्यामुळे वाळूचा कण दर लाटेला थोडा बाजूला सरकतो. मोठ्या वादळात पाणी बेट ओलांडून जातं आणि समुद्राकडची वाळू मागे खाजणाच्या बाजूला टाकतं. असं पुन्हा पुन्हा होत बेट जमिनीकडे सरकत राहतं.

अशा वाळूवर माणूस राहतो कसा? पावसाचं गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली तोच थर सुमारे 40 मीटरपर्यंत जाऊ शकतो, असं गणित आहे. पण उपसा वाढला की खारं पाणी वर चढतं. आपल्याकडे पाणी आटलं की बोअर आणखी खोल नेतात. तिथे खोल गेलं की हाती मीठच लागतं.

तरीही लोक गेले. खाजणात मासळी, आडोशाला बंदर आणि भरपूर वारा. राइट बंधूंनी विमानाच्या प्रयोगांसाठी नॉर्थ कॅरोलायनातली अशीच वाळूची पट्टी निवडली, कारण वारा सलग आणि पडलं तर वाळू मऊ. 1903 साली ते तिथूनच उडाले.

टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन हे तर भरभराटीचं बंदर. शहरातली सर्वांत उंच जागाही समुद्रापासून तीन मीटरच्या आतच. 8 सप्टेंबर 1900 रोजी चक्रीवादळाने चार मीटरहून उंच पाणी शहरात घुसलं. किमान 6,000 माणसं गेली. मग लोकांनी 17 फूट उंच भिंत बांधली, घरं जॅकवर उचलली आणि खाली वाळूची भर घातली. भिंतीने शहर तगलं, पण तिच्या पुढची पुळण झिजत गेली. मला नॉर्थ कॅरोलायनातल्याच केप हॅटरसचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथलं 1870 सालचं दीपगृह समुद्राच्या तोंडी आलं, तेव्हा 1999 साली ते अख्खं रुळांवरून सुमारे 880 मीटर आत नेलं.

बेट सरकलं तरी चालतं, पण वाळूचा पुरवठा तुटून चालत नाही. 1976 साली जायकवाडी झालं, खाली आणखी धरणं झाली. शेतीला आणि पिण्याला त्यांची गरज होतीच. पण गाळ धरणांत अडकला आणि समुद्राला मिळणारा वाटा निम्म्याहूनही खाली आला. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाची कड आता ठिकठिकाणी मागे हटते आहे. नदीपात्रातून रात्री हायवा भरून वाळू जाते, तेव्हा आपण फक्त विहिरींची काळजी करतो. काकिनाड्याच्या कोळ्यांचाही त्या वाळूवर हक्क आहे.