रिकाम्या रकान्याचा अर्थ

रुग्णाच्या नोंदीत ॲलर्जीचा रकाना रिकामा आहे. मग ॲलर्जी नाही असं समजायचं, की कुणी विचारलंच नाही? की रुग्ण बेशुद्ध होता आणि विचारूनही उपयोग नव्हता? डेटाबेसमध्ये तिन्ही वेळा नुसतं 'नल', म्हणजे 'इथे काहीच नाही' अशी खूण, पडून राहतं, आणि त्यावर विसंबून कुणीतरी पेनिसिलिनचं इंजेक्शन भरतं. आरोग्यनोंदींसाठी डेटाबेस निवडताना वेगाची चर्चा फार होते. मला हा रिकामा रकाना जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते एकमेकांशी जोडायचे. बँकेच्या खात्याला हे चपखल बसतं, कारण प्रत्येक खात्याला तेच चार-पाच रकाने लागतात. वैद्यकात तपासण्या हजारो, आणि एका माणसाच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात. प्रत्येक तपासणीला रकाना दिला तर तक्ता बहुतेक रिकामाच राहील. म्हणून 'कुणाची, कोणती तपासणी, किती आकडा' अशा ओळी लिहितात. जागा वाचते, पण 'मधुमेह आहे आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलंय असे रुग्ण कोणते' एवढं शोधायलाही तोच तक्ता स्वतःशी पुन्हा पुन्हा जोडावा लागतो. शिवाय आकडा, शब्द, तारीख सगळं एकाच रकान्यात मजकूर म्हणून ठेवलं, तर हिमोग्लोबिनच्या जागी कुणी रक्तगट टाकला तरी डेटाबेस अडवत नाही.

गंमत अशी की, कॉड यांच्या आधीच एका रुग्णालयात वेगळा मार्ग सापडला होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६६-६७ च्या सुमारास नील पापालार्डो आणि सहकाऱ्यांनी 'मम्प्स' ही डेटाबेस अंगभूत असलेली प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली. त्यात माहिती झाडासारखी वाढते आणि जी फांदी नाही, ती साठवावीच लागत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी घडवलेली 'व्हिस्टा' प्रणाली याच पायावर उभी राहिली.

आजचे डॉक्युमेंट डेटाबेस, म्हणजे एकेक नोंद अख्ख्या दस्तऐवजासारखी ठेवणारे, त्याच झाडाच्या जवळ जातात, आणि आरोग्यमाहितीच्या देवाणघेवाणीच्या 'फायर' या मानकातल्या नोंदीही बहुतेकदा जेसनमध्येच, म्हणजे अशाच फांद्या असलेल्या मजकुराच्या रूपात, ये-जा करतात. मग सगळा रुग्ण एकाच दस्तऐवजात भरण्याचा मोह होतो. पण डॉक्टर डोस बदलत असताना त्याच क्षणी नर्स जुना डोस दिल्याची नोंद करत असेल, तर एकाचं लिहिणं दुसऱ्याच्या लिहिण्यावर पडता कामा नये. इथे व्यवहाराची हमी लागते: बदल पूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये, आणि एकाच वेळच्या दोन बदलांनी एकमेकांना पुसू नये. नवी प्रणाली उभारणाऱ्याला मी पोस्टग्रेएसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसपासून सुरुवात करायला सांगेन. रुग्ण, भेटी, औषधं पक्क्या तक्त्यांत ठेवावीत आणि बदलतं तपशीलवार सगळं त्याच्या जेसनबी रकान्यात, म्हणजे जेसन थेट साठवणाऱ्या रकान्यात. ही सोय २०१४ पासून आहे.

ॲलर्जीच्या रकान्याचं उत्तर मात्र कुठलाही डेटाबेस आपणहून देत नाही. 'ज्ञात ॲलर्जी नाही' हेही एक निरीक्षण आहे, आणि स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दसंग्रहात त्याला स्वतंत्र संकेतांक आहे. 'विचारलं नाही', 'विचारलं पण कळलं नाही' यांसाठी फायरमध्येही वेगळे संकेत आहेत. ते रचनेत पहिल्या दिवशीच आले पाहिजेत.

सीटी स्कॅन आणि ईसीजी तक्त्यांत कोंबू नयेत. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागणारा एक काप अर्धा एमबी होतो, आणि स्कॅनमध्ये असे शेकडो काप असतात. सेकंदाला ५०० नोंदी घेणारी ईसीजीची एक वाहिनी दिवसात ४ कोटी ३२ लाख आकडे देते. ते वेगळ्या साठ्यात ठेवावेत, मुख्य नोंदीत फक्त पत्ता.

राहिला काळ. सोमवारी रक्त घेतलं, बुधवारी अहवाल आला, शुक्रवारी प्रयोगशाळेने आकडा दुरुस्त केला. जुना आकडा पुसून नवा लिहिला, तर गुरुवारी डॉक्टरांनी ते औषध का दिलं हे कुणालाच कधी कळणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात: घटना घडली ती, आणि ती आपल्याला कळली ती.