रस्ता मागताना पाइपही मागा : महापालिकेकडे रस्त्याच्या कामाचा अर्ज कसा करावा

नवा डांबरी रस्ता झाला आणि महिनाभरात पाणीपुरवठ्याच्या लोकांनी तो मधोमध कापला, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात नवं नाही. आपण सगळा दोष महापालिकेला देतो, पण पुष्कळदा तो आपल्या अर्जापासूनच सुरू होतो. ‘आमच्या गल्लीचे डांबरीकरण करून मिळावे’ एवढंच लिहिलं की तेवढंच मिळतं. पथ विभाग डांबर टाकून मोकळा होतो, आणि खालची गंजलेली पाण्याची लाइन किंवा तुंबणारी ड्रेनेजची लाइन आहे तिथेच राहते. अर्ज करण्याआधी म्हणूनच चार घरांत विचारून घ्यावं. पाण्याचा दाब किती आहे, कुठला चेंबर भरून वाहतो, पावसाचं पाणी कुठे साचतं? खरा अर्ज या उत्तरांतून तयार होतो.

आधी रस्ता कुणाचा ते पाहा

पात्रतेचा मुद्दा अर्जदारापेक्षा रस्त्याला जास्त लागू आहे. अर्ज कोणीही रहिवासी करू शकतो. रस्ता मात्र महापालिकेच्या ताब्यातला हवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत, त्यांत सार्वजनिक रस्ते बांधणं आणि राखणं येतं. या वाक्यातला ‘सार्वजनिक’ हा शब्द महत्त्वाचा. (मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नगरपरिषदा, नगरपंचायतींना १९६५ चा, तिथे कलमं वेगळी, तत्त्व तेच.)

सोसायटीच्या कुंपणातला रस्ता खाजगी असतो. मंजूर लेआउटमधला रस्ता विकासकाने महापालिकेकडे सोपवलाच नसेल, तर वीस वर्षं सगळं गाव त्यावरून गेलं तरी फाइल ‘ताबा नाही’ या शेऱ्यावर अडकते. मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा एमआयडीसीचा असू शकतो. तसं असेल तर अर्ज तिकडेच करावा लागतो. नगररचना विभागात विकास आराखडा आणि मंजूर लेआउट पाहता येतो. तिथे एक फेरी मारून या. एवढ्या एका फेरीने पुढचे सहा महिने वाचतात. रस्ता हस्तांतरित झालेला नसेल तर मागणी बदलते: आधी ताबा घेण्याचा अर्ज, सोबत जागामालकांची संमती किंवा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि डांबराचा विषय त्यानंतर.

कागदपत्रं

छापील नमुना बहुतेक ठिकाणी लागत नाही, साधा अर्ज चालतो. तो प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे करावा. प्रती पथ, पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि विद्युत या चारही विभागांना द्याव्यात आणि कुठल्या कुठल्या विभागाला प्रत दिली ते अर्जाच्या खाली लिहावं. यामुळे ‘आम्हाला कळवलंच नाही’ असं नंतर म्हणता येत नाही.

रस्त्याचं वर्णन ‘अमुक चौकापासून तमुक वळणापर्यंत’ असं द्यावं, त्यात लांबी आणि रुंदी मीटरमध्ये हवी. टेप घेऊन दोघांनी मोजलं तरी पुरतं. सोबत नकाशाची प्रत, तारखेसह फोटो आणि रहिवाशांच्या सह्या जोडा. आधी केलेल्या तक्रारींचे क्रमांक मात्र जरूर द्या. गटार तुंबल्याच्या, दूषित पाण्याच्या, खड्ड्यांच्या तक्रारी एकाच रस्त्यावर असतील, तर एकत्रित काम का हवं हे त्याच सांगतात. मालमत्ता कराची पावती बरेच जण जोडतात. ती रहिवासाचा पुरावा म्हणून उपयोगी आहे. ताब्याचा प्रश्न असेल तिथे मंजूर लेआउटची प्रत, मिळकत पत्रिका किंवा सातबारा लागतो.

अर्ज दिला की पोचप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तो नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

कधी द्यायचा

आयुक्त पुढच्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, तिथून ते सर्वसाधारण सभेत जातं आणि १ एप्रिलपासून लागू होतं. विभाग आपापल्या कामांची यादी त्याच्या बऱ्याच आधी जमवतात. अर्ज दिवाळीच्या आसपास गेला तर यादीत येण्याची आशा धरता येते. मार्चमध्ये गेला तर तो पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक सुरू केलं. त्यात नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामं ठराविक मुदतीत सुचवू शकतात. हा मार्ग पदपथ, दिवे, छोटी गटारं अशा कामांसाठी चांगला. अख्खी ड्रेनेज लाइन त्यातून होत नाही.

मध्ये पावसाळाही आहे. डांबरीकरण आणि खोदाई दोन्ही त्या महिन्यांत थांबतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवे कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचे लेखी आदेश, निघत नाहीत. मंजूर कामही म्हणून सहज एक हंगाम मागे पडतं.

पैसा कुठल्या खिशातला

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. महापालिकेकडे पैसा एका ढिगात नसतो. तो लेखाशीर्षांत, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यांत, विभागलेला असतो, आणि पाण्याच्या शीर्षातून डांबर टाकता येत नाही. शीर्ष बदलायचं तर वर्गीकरणाचा प्रस्ताव मंजूर करून घ्यावा लागतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना जे अनुदान दिलं, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधलेले होते. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेली अमृत २.० ही पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाची योजना. तीत केंद्राचा वाटा लोकसंख्येनुसार ठरतो: एक लाखाखालच्या शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांपर्यंत एक तृतीयांश, दहा लाखांवरच्या शहरांना २५ टक्के. उरलेला भार राज्य आणि स्थानिक संस्थेवर. अशा योजनेत चर बुजवून रस्ता पूर्ववत करण्याची तरतूद असते, पूर्ण रुंदीचा नवा रस्ता सहसा नसतो. रस्त्यासाठी मग महापालिकेचा स्वनिधी, राज्याचं नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार निधी, खासदार निधी (वर्षाला ५ कोटी, काम खासदार सुचवतात आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं) असे मार्ग उरतात.

पाइपाचा पैसा एकीकडून आणि डांबराचा दुसरीकडून येतो, दोन्हींच्या तारखा जुळत नाहीत, आणि आपण रस्ता दोनदा फोडलेला पाहतो. अर्जात एक वाक्य ठळक लिहा: ‘भूमिगत सेवावाहिन्यांची कामे पूर्ण झाल्याशिवाय डांबरीकरण अथवा काँक्रिटीकरण करू नये.’ डांबराचं आश्वासन देऊन बसलेला नगरसेवक यावर नाराज होईल, कारण डांबर दिसतं आणि पाइप दिसत नाही. होऊ द्या.

अंदाजपत्रक वाचायला मागा

काम यादीत आलं की कनिष्ठ अभियंता पाहणी करून दरसूचीनुसार त्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करतो (वर्षाचं अंदाजपत्रक वेगळं). त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते, मग ई-निविदा, मग कार्यादेश. नागरिकाने लक्ष घालायची वेळ निविदेआधीची, कारण पाहणीत जे राहून गेलं ते नंतर ‘जादा बाब’ होतं किंवा होतच नाही.

माझ्या मते या अंदाजपत्रकात काही गोष्टी हट्टाने पाहाव्यात. जुना थर खरवडून काढण्याची, म्हणजे मिलिंगची, बाब आहे का? थरावर थर चढवले की रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पावसाचं पाणी तळमजल्यात शिरतं. चेंबरची झाकणं नव्या पातळीला आणण्याची बाब आहे का? ती नसेल तर प्रत्येक झाकण पुढे खड्डा किंवा उंचवटा ठरतं. पावसाळी गटाराचा उतार मोजला आहे का? प्रत्येक घराचं नळकनेक्शन आणि ड्रेनेजचा जोड नव्या लाइनवर घेतला आहे का, की फक्त मुख्य लाइन बदलणार? आणि रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकले आहेत का, म्हणजे उद्या केबलसाठी पुन्हा रस्ता कापावा लागणार नाही? शहरी रस्त्यांत या सेवावाहिन्या कशा बसवाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसने (आयआरसी) ‘आयआरसी ९८’ या पुस्तिकेत दिलेली आहेत. त्यांचा उल्लेख अर्जात असला की समोरचा अभियंता जरा सरळ होऊन बसतो.

खाजगी कंपन्यांची खोदाई वेगळ्या परवानगीने होते. दूरसंचारासाठी १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे, म्हणजे केबल टाकायला जागा वापरण्याच्या हक्काचे, नवे नियम लागू आहेत. खोदण्याआधी इतर वाहिन्यांच्या मालकांना सूचना जावी म्हणून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप मार्च २०२३ मध्ये आलं. तुमच्या रस्त्यावर खोदाई दिसली तर परवानगीचा क्रमांक विचारा.

काम सुरू झाल्यावर

कार्यादेशाची प्रत, निविदेतली परिमाणं आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीच्या) नोंदी माहिती अधिकारात मिळतात. महाराष्ट्रात अर्ज १० रुपयांचा, एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर प्रथम अपील. फार कमी लोक वापरतात अशी एक तरतूद कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये आहे: कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार. डांबराच्या थराची जाडी करारात किती आणि प्रत्यक्षात किती, हे त्यातून कळतं.

कार्यादेशात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात रस्ता खचला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने, कारण त्याची अनामत रक्कम महापालिकेकडे अडकलेली असते. काम पूर्ण झाल्याचा दाखला ज्या दिवशी निघतो ती तारीख लिहून ठेवा, आणि मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी रस्त्यावरून एक चक्कर मारून प्रत्येक खचलेल्या जागेची लेखी तक्रार द्या. अनामत एकदा सुटली की तोच खड्डा बुजवायचा खर्च महापालिकेवर येतो.