शेवट ठाऊक असलेलं पुस्तक

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं ‘सावाना’, १८४० सालचं. इतकी पुस्तकं हाताशी असताना वाचकाचा हात पुन्हा एखाद्या वाचलेल्या पुस्तकाकडेच का जातो? याला आळस म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही.

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत. ते एका जागी साधारण पाव सेकंद थबकतात, उडी मारून पुढे जातात आणि अडलं की मागेही येतात. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणांतून दिसतं, की तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचताना हे थांबे कमी आणि छोटे होतात, उड्या लांब पडतात. पहिल्या वाचनात पात्रं, त्यांची नाती, घटनांचा क्रम असं सगळं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि ही तात्पुरती स्मृती फार तोकडी असते. कथानक ठाऊक असलं की तो भार उतरतो. मग लक्ष जातं ते पहिल्याच प्रकरणात लेखकानं सहज टाकून दिलेल्या एखाद्या वाक्याकडे, ज्यात पुढचं सगळं दडलेलं असतं. मला पुनर्वाचनाचा खरा आनंद इथेच वाटतो.

शेवट कळला की गंमत गेली, हा समजही तपासला गेलाय. कॅलिफोर्नियातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११मध्ये काही वाचकांना गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकला. त्यांना गोष्टी उलट थोड्या जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा! नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत असं आढळलं नाही, हेही सांगायला हवं. पण पंचवटीत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. सीताहरण इथलंच, हे पोराटोरांनाही ठाऊक. तरी कीर्तनकार सुवर्णमृगापाशी आले की मंडप चिडीचूप होतो.

शिवाय आपण वाचलेलं जसंच्या तसं लक्षात ठेवतच नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा लोकांना वाचायला दिली आणि काही काळानं ती पुनःपुन्हा आठवून सांगायला लावली. १९३२च्या त्यांच्या ग्रंथात ही हकिगत आहे. अनोळखी तपशील गळत गेले, ‘कनू’ या अरुंद नावेची साधी होडी झाली, गोष्ट ज्याच्या त्याच्या ओळखीच्या जगात बसती झाली. कॉलेजात वाचलेली कादंबरी चाळिशीत उघडली, की एखादा प्रसंग आठवतो त्याहून भलताच निघतो, तो यामुळेच. तेव्हा नायकाची बाजू घेणारे आपण आता त्याच्या आईचं बोलणं थांबून वाचतो, आणि ते पूर्वी वाचल्याचं काही केल्या आठवत नाही.