बापाची दोन पावलं, पोराची तीन

लहानपणी वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, मी कधी चाललोच नाही, कायम धावलो. नाशिकच्या पंचवटीतून होळकर पूल ओलांडून रविवार कारंजा, तिथून मेन रोड, आणि बुधवार असला की येताना गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा बाजार. अण्णा पिशवी बगलेत मारून झपाझप पुढे आणि मी मागे दुडक्या चालीनं. पाच-पन्नास पावलं गेली की ते मान न वळवता म्हणायचे, "पाय उचल रे." मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

कॉलेजात असताना व्हिटोरिओ डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' पाहिला. १९४८ चा इटालियन चित्रपट. महायुद्धानंतरचं रोम, जिकडेतिकडे बेकारी. अंतोनिओला भिंतीवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, पण त्याला सायकल हवी. घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणतात आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग आठेक वर्षांच्या ब्रूनोला घेऊन बाप रोमभर सायकल शोधत फिरतो. अंतोनिओचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी खराखुरा कारखान्यातला कामगार होता आणि ब्रूनो झालेला एन्झो स्तायोला रस्त्यावरच्या गर्दीतून निवडलेला मुलगा. मी मात्र पहिल्यांदा पाहताना ब्रूनोच्या पायांकडेच बघत राहिलो. बाप चालतोय आणि पोरगा धावतोय. हे मला ठाऊक होतं!

बापाच्या मागे मूल का धावतं, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

चालताना आपण टेकलेल्या पायावरून शरीर पुढे झोकून देतो. पाय ताठ असतो, त्यामुळे कंबर पावलाभोवती कमानीसारखी वर जाते आणि खाली येते. घड्याळाचा लंबक उलटा धरावा तसं हे आहे. या कमानीवर शरीराला धरून ठेवतं ते गुरुत्वाकर्षण. वेग फार वाढला की गुरुत्वाकर्षणाची ओढ अपुरी पडायला लागते, शरीर कमानीवरून सुटू पाहतं आणि चालण्याचं धावणं होतं. हा वेग पायाच्या लांबीवर ठरतो: पाय आखूड, तर कमान लहान, आणि ती लवकर सुटते. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं जहाजांसाठी एक गुणोत्तर मांडलं होतं, तेच इथे लागू पडतं. वेगाचा वर्ग करा, त्याला गुरुत्वीय त्वरण आणि पायाची लांबी यांच्या गुणाकारानं भागा. उत्तर साधारण ०.५ च्या आसपास आलं की माणूस आपोआप धावायला लागतो. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणून तिथे ही मर्यादा फारच खाली येते. अपोलोचे अंतराळवीर चालायचं सोडून उड्या मारत जाताना दिसतात, त्याचं एक कारण हेच.

गेल्या दिवाळीत आठ वर्षांच्या भाच्याला घेऊन मी गोल्फ क्लबच्या मैदानावर गेलो. टेपनं पन्नास मीटर मोजून दोन्ही टोकांना चपला ठेवल्या. कंबरेच्या हाडापासून जमिनीपर्यंत त्याचा पाय ६१ सेंटिमीटर, माझा ८६. फ्रूडच्या हिशेबानं तो ताशी ६.२ किलोमीटरच्या पुढे गेला की धावायला लागणार, मी मात्र ७.४ पर्यंत चालू शकणार. "काय वाट्टेल ते झालं तरी धावायचं नाही," असं त्याला बजावलं. ३१ सेकंदांत आम्ही अंतर कापलं, तेव्हा तो शहाण्यासारखा चालला. पुढच्या खेपेला मी पाय उचलले आणि २७ सेकंदांत टोक गाठलं. निम्म्या वाटेतच त्याची दुडकी चाल सुरू झाली. "मामा, मी नाही धावलो, पायच धावले," तो म्हणाला. अगदी बरोबर म्हणाला तो.

ताशी सव्वासहा ते साडेसात किलोमीटर. या एवढ्याशा पट्ट्यात बाप चालत असतो आणि मूल धावत असतं. निवांत माणूस या वेगानं जात नाही. ज्याला काही गाठायचंय, ज्याच्या डोक्यात घोर आहे, तो जातो. म्हणजे बापाची काळजी मुलाला शब्दांत कळण्याच्या कितीतरी आधी पोटऱ्यांमध्ये कळते.

नाशिककराला पडद्यावरचा बाप-लेक म्हटलं की त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके आठवणारच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये हरिश्चंद्राचा मुलगा झाला होता त्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचं रोज थोडं थोडं चित्रण करून रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवलं होतं. डोळ्याला न दिसणारा वेग त्यांनी कॅमेऱ्यानं पकडला. माझ्या मते वास्तववादी सिनेमानं याच्या पुढचं काम केलं. जो वेग रोज डोळ्यांसमोर असतो आणि तरी दिसत नाही, तो दाखवला.

बापाची काळजी मूल असं पायांनी मोजतं. त्याचं दुसरं मोजमाप म्हणजे आई-बापाचा चेहरा. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी तान्ह्या मुलांसाठी एक टेबल केलं. वर जाड काच, अर्ध्या भागात काचेला लागून चौकडीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खूप खाली. रांगणारं मूल काचेवर सुरक्षित असतं, पण त्याला पुढे खड्डा दिसतो. १९८५ मध्ये जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खड्डा अर्धवट खोल ठेवला, म्हणजे मुलाला धड भीती नाही, धड खात्री नाही. पलीकडे आई उभी. तिनं हसरा चेहरा केला तेव्हा वर्षभराच्या १९ पैकी १४ मुलांनी काच ओलांडली. तिनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकानंही नाही. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की मुलं बापाच्या चेहऱ्याकडेही अशीच पाहतात. जग कसं आहे ते त्यांना आई-बापाच्या चेहऱ्यावरून कळतं.

आणि मग कधीतरी हे उलटतं. मूल जगाच्या चेहऱ्यावरून बापाला वाचायला लागतं.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) हे उलटणं अंगावर येतं. शाळकरी जब्याच्या बापाला शाळेसमोरच डुकरं धरावी लागतात. पोरं-पोरी हसतात, आणि जब्या लपायला जागा शोधतो. त्याची नजर बापावर ठरत नाही, बघणाऱ्यांकडे जाते. मानसशास्त्र सांगतं, की चार-पाच वर्षांच्या मुलाला एकाच माणसाबद्दल दोन विरुद्ध भावना एकदम वाटू शकतात हे कळत नाही. आठ-दहाच्या सुमाराला ते कळू लागतं. तोवर बाप एक तर चांगला असतो नाही तर वाईट. त्यानंतर लाज आणि माया एकाच वेळी गळ्याशी येतात. ब्रूनो नेमका या उंबरठ्यावर आहे.

मी चौथीत होतो तेव्हा अण्णांची सातपूरची कंपनी बंद पडली. एका संध्याकाळी ते मला घेऊन किराण्याच्या दुकानात गेले. यादी वाचून झाली. दुकानदारानं वजन करता करता हात थांबवला आणि वही पुढे सरकवली. "आधीचं मिटवा, मग बघू." अण्णा काय म्हणाले ते मला आठवत नाही, कारण मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मी दुकानदाराचा चेहरा बघत होतो. त्याच्या कानावर खोचलेली पेन्सिल अजून दिसते.

'बायसिकल थीव्ज'च्या शेवटी अंतोनिओ दुसऱ्याची सायकल चोरतो आणि पकडला जातो. ब्रूनोला त्यानं ट्रामनं पाठवलेलं असतं, पण ट्राम चुकल्यामुळे पोरगा सगळं बघतो. लोक बापाला थपडा मारतात. खाली पडलेली टोपी ब्रूनो उचलतो आणि झटकतो. सायकलचा मालक पोराच्या तोंडाकडे पाहतो आणि अंतोनिओला सोडून देतो. मोठा माणूस इथे मुलाचा चेहरा वाचून निर्णय घेतो. मग दोघं गर्दीतून चालू लागतात. बाप रडतोय. ब्रूनो मान वर करून त्याच्याकडे बघतो आणि त्याचा हात धरतो.

शेजारी चालणाऱ्या दोघांची पावलं नकळत जुळू लागतात, आणि हात धरला असेल तर जास्त, असं प्रयोगांत दिसलंय. स्पर्शातून एकाची लय दुसऱ्याला कळते. लांब पायाच्या माणसाला मात्र त्यासाठी वेग उतरवावा लागतो. त्या शेवटच्या गर्दीत ब्रूनो धावत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही रिकामी पिशवी घेऊन होळकर पुलावरून परत आलो. खाली गंगेला पाणी होतं, रामकुंडावर दिवे लागले होते. अण्णा "पाय उचल" म्हणाले नाहीत. अर्धा पूल ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी चालतोय.