डोळा पुढे, बोटं मागे

पेटी नाही असं भजनी बुवांचं घर सिंधुदुर्गात शोधून सापडायचं नाही. अलीकडे त्याच घरात नातवंडांसाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्डही दिसतो. खरा पियानो विरळाच, आणि ते बरंच आहे. पावसाळ्यात त्याचा लाकडी ध्वनिफलक दमट हवेने फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की तो पुन्हा उतरतो. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात ते वेगळंच. तेव्हा पियानोचे धडे घरच्या घरी गिरवायचे तर कीबोर्डच बरा. बुवांना पट्ट्या ओळखीच्याच असतात. पण समोर पाच रेघांचं नोटेशन ठेवलं की ते विचारतात, "कानान वाजवतंय मां, मगे वाचूक कित्याक व्हया?"

नोटेशन वाचायचं म्हणजे एकेका टिंबाचं नाव ओळखायचं, मग त्या नावाची पट्टी शोधायची, असा सर्वसाधारण समज आहे. ते खरं असतं तर बुवांशी मी वाद घातला नसता.

पाच रेघा हा साधा आलेख आहे. वर जाल तसा सूर उंच, उजवीकडे जाल तसा काळ पुढे. पियानोसाठी अशा रेघांचे दोन संच असतात, वरचा सहसा उजव्या हाताला, खालचा डाव्या. वरच्या पाच रेघांच्या सुरुवातीच्या चिन्हाचा वेटोळा खालून दुसऱ्या रेघेला वेढतो. ती रेघ म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी. खालच्या पाच रेघांच्या चिन्हाशेजारचे दोन ठिपके चौथ्या रेघेच्या वर-खाली बसतात. ती मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी चार. या दोन खुणांवरून बाकीचं मोजता येतं. इतकं एका संध्याकाळीही कळतं. खरी गंमत डोळ्यात आहे.

आपल्याला स्वच्छ दिसतं ते दृष्टीच्या मध्यावरचं जेमतेम दोन अंशांचं वर्तुळ. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा, साधारण तेवढंच. म्हणून वाचताना डोळा सरकत नाही, सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, आणि उडी चालू असताना त्याला जवळपास काहीच दिसत नाही. संगीत मात्र असं तुटक चालत नाही. मग बोटं सलग वाजवतात कशी?

जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. वादक पडद्यावरचं नोटेशन वाचून वाजवत असताना ते अचानक घालवायचं आणि पुढे किती सूर बरोबर येतात ते मोजायचं. कच्चे वाचक तीन-चार सुरांत थांबले, मुरलेले सातेक सुरांपर्यंत गेले. म्हणजे डोळा बोटांच्या पुढे असतो आणि मधला साठा स्मृतीत असतो. १९९९मध्ये फर्नो आणि मायकेल लँड या संशोधकांनी डोळ्यांच्या हालचाली टिपून हेच अंतर वेळेत मोजलं. ते निघालं सुमारे एक सेकंद, आणि नवशिक्या असो की व्यावसायिक, जवळपास तेवढंच! लय जलद असली तर थोडं कमी, संथ असली तर थोडं जास्त. फरक पडत होता तो त्या सेकंदात किती सूर मावतात यात.

याच लँड यांनी १९९४मध्ये वळणावर गाडी हाकणाऱ्यांची नजर मोजली होती. आंबोली घाटात एसटीचा चालक चाकाखालचा रस्ता बघत नाही, वळणाची आतली कड बघतो, एक-दोन सेकंद आधी. बोटांकडे बघत वाजवणारा चाकाखाली बघतो आहे, म्हणून दर मात्रेला ब्रेक.

आता त्या सेकंदाचा हिशेब करू. मिनिटाला ९० ठोके, ठोक्याला दोन सूर, म्हणजे सेकंदाला तीन सूर. एकेका टिंबाचं नाव आठवायला अर्धा सेकंद लागत असेल तर सेकंदात दोनच मावतील. तिसऱ्याला गाडी अडलीच. पण लागोपाठच्या तीन रेघांवर तीन टिंबं उभी दिसली आणि 'सा-ग-प' असा एकच आकार मनात उमटला, तर तिन्हींना मिळून एक जागा लागते. मोझार्टच्या काळात डाव्या हाताला सा-प-ग-प अशी फोड सर्रास असे. ओळखणाऱ्याला ती चार सुरांची नव्हे, एकाच घासाची. टिंबांखाली सारेगम लिहून ठेवणाऱ्यांचं इथेच फसतं. डोळा अक्षरं वाचतो, आकार शिकायचा राहूनच जातो.

मोझार्टचं नाव निघालंच आहे म्हणून. 'मोझार्ट ऐका, बुद्धी वाढवा' या जाहिराती आपल्याकडेही पोहोचल्या आहेत. मूळ प्रयोग १९९३चा, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा. आकारांच्या कोड्यांतली किंचित सुधारणा पंधरा मिनिटांत विरली. तान्ह्या बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरी १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसे मागितले. गंडेदोरे बांधणाऱ्यांना आपण उगाच हसतो.

आकार वाचण्याला एक किंमतही आहे. ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या ७६व्या ओपसमधल्या, म्हणजे रचनासंचातल्या, दुसऱ्या रचनेत एक सूर चुकीचा छापला होता. पियानोवादक बोरिस गोल्डोव्स्की यांच्याकडे शिकणाऱ्या एका कच्च्या विद्यार्थिनीने तो जसाच्या तसा वाजवला तेव्हा चूक उघडकीस आली. पट्टीच्या वादकांना 'यात चूक आहे, शोधा' असं सांगूनही ती सापडेना. त्यांची बोटं आपोआप बरोबर सूर वाजवत. स्लोबोडांनी मुद्दाम चुका पेरून हेच तपासलं. तीच रचना दुसऱ्यांदा वाजवताना वादकांच्या एकूण चुका घटल्या, पण पेरलेल्या चुका नकळत दुरुस्त होण्याचं प्रमाण वाढलं.

सुरांच्या संगतीची ही अपेक्षा बुवांच्या कानात आयती आहे. अडचण डाव्या हाताची. तो जन्मभर भात्यावर होता, पट्ट्यांशी त्याची ओळखच नाही. त्यात वरच्या आणि खालच्या रेघा एका नजरेत सहसा मावत नाहीत, म्हणजे सेकंद तोच आणि वाटेकरी दोन. म्हणून आधी फक्त खालच्या रेघा आणि डावा हात घ्यावा. लय हवी तेवढी संथ ठेवावी, पण चुकलं तरी मागे फिरू नये. बोटं मागे आली की डोळाही येतो. शेजारी नातवाला पोस्टकार्ड देऊन बसवावं आणि जे वाजतंय ते त्याने लगेच झाकत जावं, म्हणजे डोळ्याला पुढे पळावंच लागतं. आजोबांची चूक पकडायला मिळते म्हटल्यावर तो जागचा हलत नाही.